नसलेल्या दुखापतीवर झालेल्या उपचाराबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
विणकर कामगार आरोग्य मंडळ,
भिवंडी कार्यालय, तिसरा मजला,
भिवंडी, जि. ठाणे.

अर्जदार : तुळशीराम भाऊ केणे, वय ४१, बीमवाला, रेवती सायझिंग वर्क्स, राहणार मौजे अंजूर, ता. भिवंडी.

विषय : श्रीमती सफिया अब्दुर्रहमान बुबेरे, ड्रेसर, आरोग्य केंद्र (तळमजला), यांना दिलेले ज्ञापन मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, दि. २३ डिसेंबर १९८८, २७ जानेवारी १९८९ व ७ फेब्रुवारी १९८९.
२) आपले पत्र दि. १० फेब्रुवारी १९८९ : 'दुखापत आढळून येत नाही.'
३) श्रीमती बुबेरे यांना दिलेले ज्ञापन, दि. १७ फेब्रुवारी १९८९.

महोदय,

अर्जदाराचा हा चौथा अर्ज. आधीचे तीन अर्जदाराने स्वतः लिहिले होते. अक्षर लागत नाही, असे खिडकीवर सांगण्यात आल्यामुळे हा अर्ज अर्जदाराच्या तोंडून ऐकून अंजूरच्या निवृत्त शिक्षिका कमळाबाई पाटील यांनी लिहून दिला आहे. मजकूर लांबला आहे. आधीचे अर्ज एकेका पानाचे होते. त्यांनी काम झाले नाही.

१. अर्जदार अकरा वर्षे बीम वाहण्याचे काम करतो. सायझिंगमध्ये सुताला खळ लागली की ते लोखंडी रुळावर गुंडाळतात, त्याला बीम म्हणतात. तो दोन माणसांनी खांद्यावर घेऊन टेम्पोतून उतरवायचा आणि लूमपर्यंत न्यायचा. सोमवार, दि. १२ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी दहाच्या सुमारास अर्जदार पुढे आणि त्याचा जोडीदार लतीफ मागे, असे दोघे एका कारखान्यात बीम नेत होते. दाराचा उंबरा उंच. अर्जदाराने उजवा पाय आत टाकला आणि डाव्या पायाच्या चवड्यावर जोर देऊन अंग वर उचलले. त्याच क्षणी डाव्या पोटरीवर मागून कोणीतरी दगड मारल्यासारखा फटका बसला. आवाजही आला, असे अर्जदारास आजही वाटते.

अर्जदार ओरडला, "लतीफ, लाथ कशाला मारतोस रे?"

लतीफ म्हणाला, "माझे दोन्ही पाय इथंच आहेत, तुळशीराम. मी कशाला मारू?"

मागे कोणी नव्हते, दगडही नव्हता. बीम तिथेच सोडावा, तर लतीफच्या पायांचा चुरा झाला असता. म्हणून अर्जदाराने तो लूमपर्यंत नेला. पावले अकरा-बारा असतील. बीम खाली ठेवल्यावर अर्जदार जो बसला, तो स्वतःहून उठू शकला नाही.

२. लतीफने अर्जदारास रिक्षात घालून घरी आणले. दुसऱ्या दिवशी अर्जदाराची बायको राहीबाई हिने गावातल्या धोंडूबाईंना बोलावले. पंचक्रोशीत कोणाची उसण भरली, मान धरली, की धोंडूबाईंचाच हात लागतो आणि बहुतेकांना गुण येतो. त्यांनी गरम तेल लावून पोटरी अर्धा तास जोर लावून चोळली आणि शेवटी पाऊल धरून ओढले. अर्जदाराच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. संध्याकाळपर्यंत पोटरी भोपळ्यासारखी सुजली. तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत काळेनिळे उतरले. घरात सगळे घाबरले. राहीबाईने तर पाय कापावा लागेल असे मनाशी धरून रडून घेतले.

धोंडूबाईंबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. त्यांनी मायेने केले.

३. बुधवार, दि. १४ डिसेंबर रोजी लतीफच्या खांद्याचा आधार घेऊन अर्जदार मंडळाच्या आरोग्य केंद्रात आला. डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. मलमपट्टीच्या खोलीत सफियाबाई होत्या. त्यांची नेमणूक ड्रेसर म्हणून आहे. मात्र स्नायूंच्या व सांध्यांच्या व्यायामोपचाराचे दोन वर्षांचे शिक्षण त्यांनी मुंबईस घेतले आहे. तसे पद मंडळाकडे नसल्याने चार वर्षांपूर्वी रिकाम्या असलेल्या पदावर त्यांना घेण्यात आले, ही बाब कार्यालयास माहीत आहे.

त्यांनी पायाला हात लावण्याआधी सगळे विचारले. पाय कसा होता, टाच वर होती की खाली, आवाज आला का, नंतर किती चाललात, कोणी चोळले का. मग अर्जदारास पालथे झोपवून पोटरीवरून दोन बोटे अलगद फिरवली. एका ठिकाणी बोट थांबले. तिथे मांसात खळगा होता.

"इथं तुटलंय," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाही. पोटरी दाबली की पाऊल हलतंय, म्हणजे टाचेची दोरी शाबूत आहे. तुळशीरामभाऊ, तुम्ही बीम वाहता ना? बीमवरचे शे-दोनशे धागे एकदम तुटले तर काय होतं?"

अर्जदार म्हणाला, "बाकीच्यांवर ताण येतो. लूम थांबवून गाठी मारायला लागतात."

"इथं गाठी मारायला कोणी येणार नाही. शरीर आपलं आपण जोडतं. आपण फक्त लूम थांबवायचा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओढायचं नाही. आत रक्त साकळलंय. चोळलं की पुन्हा वाहतं."

अकरा वर्षांत असंख्य वेळा अर्जदाराचे अंग धरले, आखडले, लचकले. गोळी घेतली आणि कामावर गेला. दुखणे म्हणजे काय असते, ते आत कुठे असते, हे त्याला समजावून सांगणारे माणूस पहिल्यांदाच भेटले.

४. सफियाबाईंनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी बांधली, बोटे निळी पडत नाहीत ना ते पाहिले, आणि पुढचे सांगितले : पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचा, फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे, दर दोन-तीन तासांनी, पाय जमिनीवर टेकायचा नाही. बर्फ अंजुरात कुठे मिळणार, हा प्रश्न होता. राहीबाईने खाडीवर मासळीच्या पाट्यांसाठी येणाऱ्या बर्फातला तुकडा रोज मागून आणला. घरभर कोलंबीचा वास. चार दिवसांत सूज अर्ध्यावर आली.

५. इथपर्यंत सर्व ठीक होते. पुढे मंडळाच्या कार्यपद्धतीस सुरुवात होते.

रजेसाठी दाखला लागतो. दाखल्यासाठी दुखापतीची नोंद लागते. नोंदवहीत चार रकाने आहेत : हाड मोडणे, उघडी जखम, भाजणे, विषबाधा. स्नायूला रकाना नाही. मंगळवार, दि. २० डिसेंबर रोजी डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे पाहिला आणि 'हाड शाबूत' असे लिहिले. त्यात चूक नाही, हाड शाबूतच होते. परंतु वरिष्ठ लिपिकांनी त्यावरून नोंदवहीत 'दुखापत नाही' अशी नोंद घेतली. पोटरी तेव्हा वांग्याच्या रंगाची होती. अर्जदाराने ती खिडकीतून दाखवण्याचा प्रयत्न केला. लिपिक म्हणाले, "केणे, मला पाय नका दाखवू. मला कागद दाखवा."

६. हरकत असल्यास अर्जदाराने प्रत्यक्ष तपासणीसाठी तिसऱ्या मजल्यावर हजर व्हावे, असे सांगण्यात आले. दि. २२ डिसेंबर रोजी अर्जदार आला. सफियाबाईंनी त्यास खाली बाकावर बसवले आणि त्या स्वतः वर गेल्या. तपासणी करणाऱ्या साहेबांनी दोन मिनिटे खाली यावे, दहा दिवस झालेत, हा पाय आत्ता जिना चढला तर पुन्हा फाटेल, असे त्यांनी सांगितले. उत्तर मिळाले की तपासणी कार्यालयात होते, बाकावर होत नाही. आणि ड्रेसरने यात पडू नये.

अर्जदार कठड्याला धरून, बुडावर बसत बसत, दोन मजले चढला. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात वरून एक कपाट उतरवत होते. वाट देण्यासाठी अर्जदार उभा राहिला आणि तोल जाताना डावा पाय टेकला. पुन्हा तोच दगड, त्याच जागी. कार्यालयात पोचल्यावर अर्जदारास घाम फुटला होता आणि बोलता येत नव्हते. नोंद अशी झाली : 'इसम जिना चढून स्वतः हजर. चालण्यास सक्षम.'

खाली आल्यावर सफियाबाईंनी बोट फिरवून पाहिले. खळगा वाढला होता. त्यांनी पट्टी सोडून पुन्हा बांधली. त्यांच्याच सांगण्यावरून अर्जदाराने दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज केला. त्यास उत्तर आले नाही.

७. त्यानंतरचे सहा आठवडे अर्जदाराने सर्व पहिल्यापासून केले. ते सविस्तर सांगण्याचे कारण असे की, 'उपचार झाल्याचा पुरावा नाही' असे आपल्या पत्रात म्हटले आहे.

पहिला आठवडा पाय उंच. दुसऱ्या आठवड्यात बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत अक्षरे काढायची. अर्जदार मुळाक्षरे काढी आणि धाकटी मुलगी ओळखी. चपलेच्या टाचेखाली रबराचे दोन तुकडे, म्हणजे पोटरीवर ताण कमी. पुढे कठड्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले नाही, तर बारा. दुखले, तर आठ. चौथ्या आठवड्यात दुखणे थांबले. अर्जदार खूश झाला आणि म्हणाला, "बाई, झालं. उद्या कामावर जातो."

सफियाबाई म्हणाल्या, "दुखणं थांबलं म्हणजे जुळलं, असं नाही. नवीन जोड कच्चा असतो. एका पायावर वीस वेळा टाच उचलून दाखवा, मग बीम उचला. आत्ता गेलात तर मार्चमध्ये पुन्हा माझ्याकडे याल, आणि मग कायमचे लंगडत जाल."

अर्जदार थांबला. थांबणे हे बीम वाहण्यापेक्षा जड काम आहे. घरी बसलेल्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडे गाव कसे पाहते, हे अर्जदाराने त्या दिवसांत पाहिले.

मध्यंतरी धोंडूबाई एकदा स्वतःहून केंद्रावर आल्या. सफियाबाईंनी त्यांना अर्जदाराच्या पोटरीवर बोट ठेवून खळगा कुठे होता ते दाखवले आणि ताजे व जुने यातला फरक सांगितला. जाताना धोंडूबाई म्हणाल्या, "माझ्या हाताला जुना दुखणा कळतो, पोरी. ताजा न्हाय कळत." आता त्या कोणालाही हात लावण्याआधी किती दिवस झाले ते विचारतात, आणि ताजे असेल तर केंद्रावर पाठवतात.

सोमवार, दि. ६ फेब्रुवारी रोजी अर्जदार कामावर रुजू झाला. पहिले पंधरा दिवस लतीफने पुढची बाजू घेतली. आज अर्जदार पुढे असतो.

८. आता अर्जदाराच्या चुकीबद्दल.

दि. २७ जानेवारीच्या अर्जात अर्जदाराने उपचार झाल्याचा पुरावा म्हणून असे लिहिले होते की, 'श्रीमती सफिया बुबेरे यांनी पट्टी बांधून व व्यायाम शिकवून अर्जदाराचा पाय बरा करीत आणला आहे, त्यांना विचारावे.' अर्जदाराच्या समजुतीप्रमाणे ही साक्ष होती, आणि थोडे आभारही होते. कार्यालयाने त्यांना विचारले, ते ज्ञापन काढून. त्यातील मजकूर असा : 'आपण अस्तित्वात नसलेल्या दुखापतीवर, तसा अधिकार नसताना, उपचार केले. त्याकामी भांडारातील क्रेप बँडेज, एक नग, वापरले. आपणास सेवेतून कमी का करू नये?' सुनावणी सोमवार, दि. ६ मार्च रोजी आहे. त्यांचे पद तात्पुरते असल्याने सुनावणीनंतर अपील नाही.

अर्जदाराने ते बँडेज धुऊन परत नेले. दिल्याची नोंद नसल्याने परत घेता येत नाही, असे सांगण्यात आले.

ही बातमी अर्जदारास लतीफकडून कळली. सफियाबाईंनी सांगितली नव्हती. अर्जदार केंद्रावर गेला तेव्हा त्या एका लूमवाल्याच्या पाठीला हात लावून, कुठे चमक येते ते विचारत होत्या. तो गेल्यावर अर्जदाराने विचारले, "हे माझ्यामुळं झालं ना, बाई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "रकान्यामुळं झालं." आणि मग, "एका पायावर वीस झाले का?"

"बावीस."

"मग माझं काम झालं," असे म्हणून त्या हसल्या. अर्जदारास हसता आले नाही.

९. अर्जदाराने खिडकीवर विचारले की, दुखापत नव्हती तर उपचार कशावर केले? आणि उपचार झाले असतील, तर अर्जदाराच्या पंचावन्न दिवसांचा दाखला का नाही? वरिष्ठ लिपिकांनी कागद पुन्हा वाचले. ते वाईट गृहस्थ नाहीत. दि. २४ फेब्रुवारी रोजी त्यांनी अर्जदारास आत बोलावून खुर्ची दिली.

"केणे, तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "दोन कागद एकमेकांशी भांडतायत. साहेबांच्या सहीचं पत्र आता मला फिरवता येत नाही. त्यापेक्षा तुम्हीच लिहून द्या, मला काही झालं नव्हतं, घरच्या कामासाठी राहिलो होतो, बुबेरेबाईंनी हातही लावला नाही, जानेवारीतला अर्ज गैरसमजातून केला. मग ज्ञापनाला आधारच राहत नाही. सहा मार्चच्या सुनावणीआधी दिलंत तर मी फाईल बंद करून घेतो, हा माझा शब्द."

"आणि माझे पंचावन्न दिवस?"

"ते विनादाखला होतील," लिपिक म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

१०. विनादाखला तीस दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाल्यास नोकरी खंडित होते, हा नियम अर्जदारास माहीत आहे. येत्या एक एप्रिलला रेवती सायझिंगमध्ये जे सहा जण कायम व्हायचे आहेत, त्यांत अर्जदाराचे नाव दुसरे आहे. सुनावणीत उपचार झाल्याचे ठरले, तर त्याच आधारावर अर्जदारास दाखला मागता येईल. निवेदन दिल्यास मात्र ते नाव कमी होईल आणि अर्जदार दि. ६ फेब्रुवारी १९८९ पासून नवा माणूस धरला जाईल. वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी, अकरा वर्षे खांदा दिल्यानंतर.

तिसऱ्या दिवशी अर्जदाराने हे राहीबाईला सांगितले. ती वालाच्या शेंगा सोलत होती. सर्व ऐकून ती म्हणाली, "तिनं तुमाला चालता केला. तिला घरी बसवून तुमी कायम झालाव, तं रोज तिच्या गल्लीवरून कामाला जाल कसं?"

सध्या केंद्रावर सात जण सफियाबाईंकडे येतात : कोणाची पाठ, कोणाचा खांदा, लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोघींची मनगटे. यांपैकी एकाचेही दुखणे चार रकान्यांत बसत नाही. बाई गेल्यास त्यांना लूम थांबवायला सांगणारे कोणी राहणार नाही.

११. सबब अर्जदार सोबत जोडलेले निवेदन आपल्या स्वाधीन करीत आहे. अर्जदारास कोणतीही दुखापत झालेली नव्हती, त्याच्यावर कोणीही उपचार केले नाहीत, आणि तो पंचावन्न दिवस घरकामासाठी गैरहजर होता, असे त्यात लिहिले आहे. ते अर्जदाराने शुद्धीवर राहून, स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. या वेळी अक्षर सावकाश काढले आहे.

आपणास विनंती तीन आहेत. सोबतचे निवेदन फाईलला लावून ज्ञापन दि. ६ मार्चच्या आत मागे घ्यावे. हा अर्ज मात्र फाईलला लावू नये. खरे काय घडले ते मंडळात एका तरी माणसाने वाचलेले असावे, एवढ्यासाठीच तो लिहिला आहे, वाचून झाल्यावर तो अर्जदारास परत द्यावा अथवा फाडून टाकावा.

तिसरी विनंती, निवेदन कोणी दिले हे सफियाबाईंना कळू देऊ नये. कळले, तर त्या सुनावणीस जाऊन आपण उपचार केले असे स्वतःच सांगतील.

आपला नम्र, आणि आता दोन्ही पायांवर उभा असलेला,

(सही)
तुळशीराम भाऊ केणे
मौजे अंजूर, ता. भिवंडी
दि. १ मार्च १९८९

लिहून देणार : कमळा पाटील, निवृत्त शिक्षिका

सोबत : निवेदन, एक प्रत.